आजीच्या बोलण्यातलं ‘म्हणे’

पत्र: “सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या २२ मुलांना यंदा ‘१९७२चा दुष्काळ आणि आमचं गाव’ हा प्रकल्प दिला. प्रत्येकानं किमान पाच प्राथमिक आणि पाच दुय्यम साधनं वापरायची, अशी अट घातली. वह्या आल्या आणि मी हबकले. विकिपीडिया प्राथमिकमध्ये. १८८४चं सोलापूरचं गॅझेटिअर (इंग्रज सरकारचा जिल्ह्याचा माहितीग्रंथ) प्राथमिकमध्ये, कारण ‘ते खूप जुनं आहे’. एका मुलीनं स्वतःच्या आजीची छान मुलाखत घेतली, पण ती टाकली दुय्यममध्ये, कारण ‘आजी शिकलेली नाही’. एकानं विचारलं, सभासदाची बखर कशात धरायची, तर मलाच ठाम सांगता येईना. त्यात आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, वर्तमानपत्रं सगळी दुय्यमच. मुलांना पाठ करायला देता येईल असा एखादा तक्ता तुम्ही द्याल का? – एक शिक्षिका”

प्रिय ताई,

तक्ता मी देणार नाही. राग मानू नका. मी स्वतः कित्येक वर्षं तो फळ्यावर काढत आले. डावीकडे पत्रं, रोजनिश्या, नाणी, ताम्रपट; उजवीकडे चरित्रं, ग्रंथ, लेख. मुलं तो पाठ करत, परीक्षेत मार्क मिळवत आणि प्रकल्पाला बसली की तुमच्या मुलांनी केलं तेच करत. कारण तक्ता बघून मूल विचारतं, ‘हे साधन कुठल्या रकान्यातलं?’ आणि खरं विचारायला हवं असतं, ‘मला काय शोधायचंय, आणि त्यासाठी हे साधन किती जवळचं?’ प्रश्न ठरल्याशिवाय कुठलंही साधन प्राथमिक नसतं, की दुय्यमही नसतं. तुमच्या पत्रातल्या पाचही गुंत्यांचं मूळ मला यातच दिसतं.

पण आधी शब्दांचं बोलू, कारण मुलांचा अर्धा घोळ तिथंच झालाय. ‘प्राथमिक’ हा शब्द त्यांनी आजवर कुठं ऐकलाय? प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, प्राथमिक उपचार. सगळीकडे अर्थ एकच: सुरुवातीचं, साधं, मोठ्या ठिकाणी जाण्याआधीचं. मग ज्या पानापासून त्यांनी सुरुवात केली ते विकिपीडियाचं पान त्यांनी प्राथमिकमध्ये घातलं, यात नवल काय? शब्दाला धरूनच वागली ती. ‘दुय्यम’चं त्याहून वाईट. दुय्यम म्हणजे कमी प्रतीचं, खालच्या पायरीवरचं. म्हणून न शिकलेली आजी तिथं गेली. ते वाचून मला त्या मुलीचा राग आला नाही, पण फार वाईट वाटलं. ज्या बाईनं तो दुष्काळ अंगावर काढला तिला तिच्याच नातीनं खालच्या पायरीवर बसवलं, आणि तेही आपण शिकवलेल्या शब्दाच्या भरवशावर.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा. महिनाभर वर्गात हे दोन शब्द उच्चारूच नका. ‘मूळ साधन’ आणि ‘नंतरचं साधन’ म्हणा. परीक्षेपुरते पुस्तकी शब्द मागाहून आणता येतील. आणि शाळेत शिकलेलं भौतिक, लिखित, मौखिक हे वर्गीकरण वेगळं आहे, हे एकदा स्पष्ट सांगून टाका. साधन कशाचं बनलंय, हे त्यातून कळतं. ते घटनेच्या किती जवळचं आहे, हे त्यातून कळत नाही. बरीच मुलं ‘लिखित म्हणजे पक्कं, मौखिक म्हणजे कच्चं’ अशी सांगड मनात घालून कॉलेजात येतात.

आता तुमच्या मुलांना घरबसल्या ठाऊक असलेल्या एका कागदापासून सुरू करा: सातबारा. शेतकऱ्याच्या पोराला तो शिकवावा लागत नाही. जुन्या, हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर आज्याचं नाव खोडून बापाचं आलेलं असतं आणि शेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा, नंबर. भाऊबंदकी पेटली की कोणी सातबाऱ्यावर थांबत नाही. फेरफार काढतात, नाव वारसानं लागलं की खरेदीनं ते बघतात, खरेदी असेल तर दुय्यम निबंधकाकडून खरेदीखताची नक्कल आणतात. वर्गाला विचारा: जमीन आजच्या नोंदीत कुणाच्या नावावर आहे हे सांगायचं असेल तर मूळ साधन कोणतं? सातबाराच. आणि ती त्याच्या नावावर कशी आली हे सांगायचं असेल तर? मग सातबारा नंतरचा ठरतो, मूळ शोधायला मागं जावं लागतं. कागद तोच, प्रश्न बदलला की त्याची जागा बदलली. आणि तो वर्तुळातला आकडा म्हणजे तळटीप. संदर्भ कशासाठी द्यायचा हे मला इतक्या थोडक्यात दुसऱ्या कशानं समजावता आलेलं नाही.

एवढं झालं की त्या आजींच्या मुलाखतीकडे या. तुमच्या हातात वर्षभर पुरेल असं साधन आहे आणि ते चुकीच्या रकान्यात पडून आहे. मुलाखत रेकॉर्ड केलेली असेल तर ती शब्दन् शब्द कागदावर उतरवून घ्या, आजी बोलल्या तशीच, त्यांच्याच बोलीत. मग वर्गात दोन रंगांच्या पेन्सिली वाटा. आजींनी स्वतः पाहिलं, केलं, खाल्लं, सोसलं ते एका रंगानं. दुसऱ्याकडून ऐकलं ते दुसऱ्या रंगानं. आपली भाषा इथं फार मोठी मदत करते, कारण ऐकीव गोष्टीला मराठी माणूस आपसूक एक शब्द चिकटवतो: म्हणे. ‘आम्ही बंडिंगच्या कामावर जायचो, खडी फोडायचो, दुपारच्याला सुकडी मिळायची’ हे पहिल्या रंगात. ‘ती लाल मिलो अमेरिकेतनं बोटीनं आली म्हणे’ हे दुसऱ्या रंगात. मिलोच्या, म्हणजे त्या लाल ज्वारीच्या, भाकरीचा रंग आणि चव यांच्यासाठी आजी मूळ साधन आहेत. मिलो कुठून, किती आणि कुणी मागवली, यासाठी नाहीत. त्याला सरकारी कागद, त्या वेळचं वर्तमानपत्र, विधिमंडळातल्या चर्चा बघाव्या लागतील.

म्हणजे एकाच म्हातारीच्या एका तासाच्या बोलण्यात दोन्ही जातींची साधनं असतात. मुलांनी हे स्वतःच्या हातानं रंगवून पाहिलं की पुन्हा तक्ता मागणार नाहीत.

यातला अवघड भाग मात्र पुढं आहे आणि तिथं घाई करू नका. ‘म्हणे’ गळून पडतं. पन्नास वर्षं एखादी गोष्ट सांगत राहिलं की ऐकलेलं हळूहळू पाहिलेलं होऊन बसतं. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच आठवत असतं. म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या माथ्यावर एक आकडा लिहायला लावा: १९७२ साली सांगणाऱ्याचं वय किती होतं? ज्या काकांचा जन्म १९६८चा, ते तेव्हा चार वर्षांचे. ते ‘आमच्या गावच्या विहिरी आटल्या होत्या’ असं कितीही ठामपणे सांगोत, त्यातलं बरंचसं त्यांच्या आईच्या तोंडून आलेलं असणार. ते टाकून द्यायचं नाही. फक्त त्याच्यामागे मनातल्या मनात ‘म्हणे’ लावून वाचायचं. आणि दुसरा प्रश्न: हे तुम्ही कुठं उभ्या राहून पाहिलंत? गावात होता, की कामाच्या साइटवर, की पोटासाठी मुंबईला? बायकांच्या आणि पुरुषांच्या आठवणीही वेगळ्या निघतील. पाण्याचा हंडा किती लांबून आणला हे आजोबांना बहुधा सांगता येणार नाही.

हीच पेन्सिल घेऊन मग वर्तमानपत्राकडे वळा, म्हणजे तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचंही समाधान होईल. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, फक्त सरसकट आहे. १९७२-७३च्या ‘केसरी’ किंवा ‘सकाळ’च्या फायली उघडल्या तर एकाच अंकात सगळे प्रकार सापडतील. वार्ताहर दुष्काळी कामावर गेला आणि पाहिलेलं लिहिलं, ते मूळ. मंत्र्यांनी सांगितलेला आकडा छापला: मंत्री काय म्हणाले यासाठी मूळ, आकडा खरा होता का यासाठी नाही. ‘असे समजते’, ‘असे वृत्त आहे’ हे छापील ‘म्हणे’. अग्रलेख हा दुष्काळाचा पुरावा म्हणून दुबळा, पण शहरातला सुशिक्षित माणूस त्या दुष्काळाकडे कसा पाहत होता यासाठी त्याच्याइतकं मूळ साधन दुसरं नाही. आणि दुष्काळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेली पुरवणी नंतरचं साधन, जरी ती त्याच वर्तमानपत्रानं काढलेली असली तरी.

गॅझेटिअरचं थोडक्यात सांगते. जुनं म्हणजे मूळ, हा समज फार चिवट आहे. १८८४चं सोलापूर गॅझेटिअर १९७२च्या दुष्काळाबद्दल काय सांगणार? त्या भागातल्या दुष्काळांची जुनी परंपरा सांगायला ते उपयोगी, आणि तिथं ते नंतरचं साधन, कारण अधिकाऱ्यांनी ते अहवाल आणि माहिती गोळा करून संकलित केलेलं आहे. पण एखाद्या मुलीनं विषय घेतला, ‘१८७६-७८च्या दुष्काळानंतर इंग्रज अधिकारी इथल्या शेतकऱ्याविषयी काय लिहीत होते’, तर तेच गॅझेटिअर मूळ. ही उलथापालथ मुलांकडून करवून घ्या. नुसती सांगू नका.

आता सभासद. तुम्हाला ठाम सांगता आलं नाही याचं मला बरंच वाटलं, कारण ठाम उत्तर देणाऱ्यांनीच इथं जास्त नुकसान केलंय. कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या काळातला माणूस. बखर मात्र त्यानं राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून दक्षिणेतल्या जिंजीच्या किल्ल्यात लिहिली, सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे पंधरा वर्षांनी. तो तुमच्या आजींसारखाच आहे! काही पाहिलेलं, काही ऐकलेलं, आणि सगळं आठवून सांगितलेलं. राज्य संकटात असताना जिंजीच्या दरबारात थोरल्या महाराजांची आठवण कशी जागवली जात होती, यासाठी ती मूळच. एखाद्या मोहिमेची तिथी ठरवायला मात्र तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. तिथं समकालीन पत्रं आणि जेधे शकावलीसारख्या सालवार नोंदी लागतात.

मुलांना एक उदाहरण द्या, ते विसरणार नाहीत. तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले, महाराज ‘गड आला पण सिंह गेला’ म्हणाले आणि म्हणून गडाचं नाव सिंहगड झालं, हे आपल्याकडं प्रत्येकाला माहीत आहे. ती लढाई १६७०ची. आणि महाराजांच्या १६६३च्या एका पत्रात गडाचा उल्लेख ‘सिंहगड’ असाच आहे. लढाईच्या सात वर्षं आधी. एक पत्र, त्यावरची एक तारीख, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली नावाची गोष्ट बाजूला सरते. तानाजींचा पराक्रम त्यानं तसूभरही कमी होत नाही, हे वर्गात जरूर सांगा, कारण काही मुलं दुखावली जातील आणि त्यांचं दुखणं खरं असतं. गोष्ट खोटी ठरली म्हणून ती फेकायचीही नाही. महाराष्ट्रानं तानाजींवर किती जीव लावला, याचं ती मूळ साधन आहे.

याच ओघात इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड वर्गात आणा, ग्रंथालयात असेल तर. १८९८चं पुस्तक, आत पानिपतच्या काळातली पत्रं. छापील आहे म्हणून ती पत्रं नंतरची होत नाहीत. पत्र मूळच राहतं, फक्त आपण ते राजवाड्यांनी वाचलं तसं वाचतो. त्याच खंडाची प्रस्तावना मात्र राजवाड्यांचं स्वतःचं मत, म्हणजे नंतरचं साधन. एकाच पुठ्ठ्याच्या आत दोन्ही. जुन्या मोडी कागदांत अस्सल आणि तालीक असा आणखी एक भेद असतो, मूळ कागद आणि त्याची नक्कल. तो वेगळा विषय आहे, यंदा त्यात शिरू नका.

एक गोष्ट मात्र यंदाच सांगितली पाहिजे. मूळ म्हणजे खरं, असं नाही. हे न सांगता तुम्ही मुलांना मूळ साधनं हाती दिलीत तर ती त्यांच्या पाया पडतील. दुष्काळी कामाचा हजेरीपट मूळ साधन आहे, त्यावर नावं आहेत, अंगठे आहेत. पण नाव आहे म्हणून माणूस त्या दिवशी कामावर होताच का? बोगस हजेरीच्या तक्रारी आपल्याकडं नव्या नाहीत. गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, त्याच वेळी, जागेवर ठरवलेली, म्हणजे मूळ; पण ती किती लागली, यावर गावाला सवलती मिळणार की नाही हे ठरायचं, त्यामुळं त्या आकड्यात कुणाकुणाला रस होता हे विचारावंच लागतं. मूळ साधनालाही उलटतपासणी लागते. आजी आणि हजेरीपट समोरासमोर बसवा. आजी म्हणतात मजुरी आठवड्याला मिळायची, कागद म्हणतो पंधरवड्यानं. आता काय? मुलांनी प्रकल्पात एवढं जरी लिहिलं की ‘या दोघांत मेळ बसत नाही आणि त्याची कारणं ही असावीत’, तर मी पैकीच्या पैकी देईन.

नंतरच्या साधनांवर मात्र अन्याय होऊ देऊ नका. ‘मूळ’चं कौतुक सुरू झालं की मुलं चांगली पुस्तकं लपवायला लागतात, वाचलेली असूनही यादीत घालत नाहीत. ज्यानं काहीच वाचलेलं नाही तो आजीला विचारणार काय? ‘दुष्काळ कसा होता, आजी?’ आणि आजी म्हणणार, ‘लई वाईट होता बाबा.’ संपली मुलाखत. पण ज्या मुलानं अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी १९७०-७३च्या महाराष्ट्रातल्या दुष्काळावर केलेला अभ्यास वाचलाय, त्याला माहीत असतं की १९७३च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती, आणि इतकं पीक बुडूनही माणसं जगली त्यात या मजुरीचा वाटा मोठा होता. मग तो विचारतो, ‘आजी, मजुरी कुणाच्या हातात मिळायची, तुझ्या की आजोबांच्या? पोरांना कामावर न्यायचीस का? काम मागायला कुणाकडं जायचं?’ रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली, तिचा कायदा १९७७चा, हेही त्याला पुस्तकातूनच कळणार, आणि मग आजी ज्या कामाला ‘रोजगार हमी’ म्हणतात ते १९७२चं की पुढचं, ही शंका त्याला येणार. आठवणींत ही दोन्ही कामं फार वेळा एक झालेली असतात. ही शंका येणं हीच संशोधनाची सुरुवात, आणि ती नंतरच्या साधनानं दिलेली.

विकिपीडियालाही बंदी नको. पान वाचू दे, पण ते यादीत येणार नाही. पानाखालचे संदर्भ पकडून मागं गेल्यावर जे सापडेल ते येईल. मोबाइलवरच्या चॅटबॉटचं मात्र स्पष्ट सांगा. तो कधी कधी पुस्तकाचं नाव, लेखक, पान असं सगळं देतो आणि तसं पुस्तकच नसतं. वर्तुळातला आकडा आहे पण तो फेरफारच नाही, असा सातबारा समजा. हातात न घेतलेलं पुस्तक यादीत नाही, एवढा एकच नियम पुरे.

हा नियम मी किंमत मोजून शिकले. माझ्या प्रबंधात एका वर्तमानपत्रातला उतारा होता, तारखेसकट. मी तो एका नावाजलेल्या पुस्तकातून घेतला होता, पण तळटीप सरळ वर्तमानपत्राची दिली, जणू मी फाइल पाहिली होती. तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, ‘अंक पाहिलात?’ मी गप्प. नंतर ग्रंथालयात जाऊन पाहिलं तर त्या तारखेच्या अंकात ती बातमीच नव्हती. पुढच्या आठवड्यात होती, आणि उताऱ्यातलं एक वाक्य गाळलेलं होतं. ते वाक्य माझ्या निष्कर्षाच्या बरोबर विरुद्ध होतं. म्हणून मुलांना ‘अमक्या पुस्तकात उद्धृत’ असं लिहायला शिकवा आणि तसं लिहिणाऱ्याचे मार्क कापू नका. प्रामाणिक ‘म्हणे’ आहे ते.

आपल्याकडं म्हण आहे, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. इतिहासाच्या वर्गात तेवढंच तर करायचं असतं, म्हणून मुलांना ते सुरुवातीला जड जातं.

तुमची ‘पाच आणि पाच’ची अट काढून टाका. त्या अटीमुळंच मुलं रकाने भरायला धावली. त्याऐवजी कितीही साधनं चालतील असं सांगा, पण प्रत्येकापुढं एक वाक्य हवं: ‘अमुक प्रश्नासाठी हे मूळ, कारण…’ किंवा ‘नंतरचं, कारण…’. बावीस वह्यांतली ती ‘कारण’नंतरची वाक्यं तेवढी तपासा. वेळही वाचेल आणि कोण कुठं अडलंय ते नेमकं कळेल. सहकाऱ्यांनी हरकत घेतली तर मूल स्वतःच उत्तर देऊ शकेल. आणि गावात त्या वर्षी खोदलेला पाझर तलाव असेल तर सगळ्या वर्गाला एकदा त्याच्या बांधावर घेऊन जा. तोही त्या दुष्काळाचं मूळ साधन आहे.

त्या मुलीला मात्र सोमवारीच बोलावून घ्या. आजींचं पूर्ण नाव, गाव, १९७२ सालचं वय, मुलाखतीची तारीख आणि जागा हे साधनांच्या यादीत पहिल्या ओळीत लिहायला सांगा, आजींची परवानगी घेऊन. आणि वही जमा करण्याआधी ती ओळ त्यांना वाचून दाखवायला सांगा.

तुमची,
सदरलेखिका